आंबेवाडी, निवडे, मारुल, घाटमाथा

डब्यावरचा ठिपका लालच होता. मी पेन ड्राइव्ह काढला, ओढणीला पुसला, फुंकर मारली आणि पुन्हा घातला. ठिपका दोनदा हिरवा मिचमिचला आणि परत लाल झाला.

"काय म्हंतोय?" मागच्या सीटवरून आबांनी विचारलं.

"काय म्हणणार. न्हाय म्हंतोय."

"कोण, बापू?"

"बापू मागनं म्हणतील. आत्ता डबा म्हंतोय."

दसऱ्याची संध्याकाळ व्हायला आली होती. वाघजाई नाक्यावरच्या वडाप स्टँडवर गावोगावचे पॅसेंजर वाहणाऱ्या सगळ्या जीपगाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्या दिवशी स्टँड बंद असतो. सकाळी गाड्या धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि अंधार पडता पडता संघटनेचे अध्यक्ष बापू नलवडे नारळाचं पोतं घेऊन पहिल्या गाडीपासून निघायचे. ज्याच्या त्याच्या गाडीचे दिवे ड्रायव्हरनं स्वतः लावायचे, बापूंनी चाकापुढं नारळ फोडायचा, की ती गाडी वर्षभर नंबरात, म्हणजे स्टँडच्या पाळीत. दिवे लागले नाहीत तर गाडी नंबराबाहेर. आणि नंबराबाहेरच्या गाडीनं वडाप करायचं म्हणजे रस्त्यात कुठंतरी आडोशाला उभं राहून चोरासारखी माणसं भरायची.

पूर्वी हे नुसत्या हेडलाइटवर भागायचं. पण त्या वर्षी बापू कुणाच्या तरी वरातीत नाचऱ्या दिव्यांची गाडी बघून आले आणि त्यांच्या डोक्यात तेच बसलं. "हेडलाइट काय, चोराच्या गाडीलाबी असत्यात," असं म्हणून त्यांनी सगळ्या गाड्यांना दिव्यांच्या पट्ट्या बसवायला लावल्या. बंपरला, बॉनेटला, टपावरच्या कॅरियरला. डॅशबोर्डखाली एक काळा डबा, डब्यात पेन ड्राइव्ह. बटण दाबलं की देवीचं गाणं वाजायचं आणि दिवे त्या गाण्यावर नाचायचे. बापू इतके खूश होते की आठवडाभर ते स्वतःच्या गाडीत बसून नुसतं बटण दाबत होते.

माझी गाडी रांगेत शेवटची होती. माझी म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची. आबांनी आख्खं आयुष्य घाटमाथ्याच्या रस्त्यावर ही जीप चालवली, आणि मग साखरेनं त्यांचे डोळे घेतले. भाऊ नाही. मी लायसन काढलं, बॅज काढला आणि गाडी स्टँडवर आणून लावली. पहिल्या दिवशी बापूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला जमतं.

"गाडी चालवशील गं शाले, कोण न्हाय म्हंतंय," ते म्हणाले होते. "आता बाया इमानं चालवत्यात. पर पॅसेंजर कोण बोलावणार? स्टँडवर हाळी कोण देणार? बाईमाणूस चौकात उभं ऱ्हाऊन वरडणार का?"

ज्यानं वडाप केलं नाही त्याला हे कळणार नाही. गाडी चालवणं हे वडापातलं सोपं काम. अवघड काम म्हणजे गाडीच्या दाराशी उभं राहून गावांची नावं ओरडायची. एस.टी.तून उतरलेला माणूस पिशव्या सावरत इकडं तिकडं बघत असतो, त्याच्या कानात तुमचं गाव पहिलं शिरलं पाहिजे. आबांची हाळी साऱ्या नाक्याला पाठ होती. "चला आंबेवाडी, निवडे, मारुल, घाऽटमाथा" असं ते एका दमात म्हणायचे आणि "घाट" इतका लांबवायचे की माणूस हातातला चहा टाकून यायचा.

आणि मी? मी वर्षभर दाराशी नुसती उभी होते. आबांनीच सांगितलं होतं. "तू वरडू नगंस. आपल्या घरातल्या बाया चौकात वरडत न्हाईत. माणसं वळखीनं येत्यात." माणसं ओळखीनं येत होती, पण शेजारच्या गाडीतनं हाळी आली की तिकडं जात होती. माझी जीप अर्धी रिकामी निघायची. ओठापर्यंत आंबेवाडी यायची आणि मी ती गिळायची. मला राग बापूंचा यायचा. आबांचा कधी आला नाही, कारण आबांचा राग करायची आमच्याकडं पद्धत नव्हती.

नवरात्र बसायच्या आधी बापूंनी मला सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "औंदा दसऱ्याला तुझ्या हातानं दिवं लागू देत. लागलं तर तुझ्या नावानं नंबर. न्हाय लागलं, तर ही गाडी इका आन् आबाला घेऊन घरी बसा." मी बरं म्हणाले. बटण दाबायला काय लागतं, असं मला वाटलं होतं.

आणि आता डबा लाल.

मी गाडीतून उतरले आणि तरातरा रांगेच्या पहिल्या टोकाला गेले. बापू नवा पांढरा शर्ट घालून नारळांच्या शेंड्या सोलत होते.

"बापू, माझ्या पेन ड्राइव्हला कुणी हात लावला?"

"कशाला?"

"काल डबा चालत हुता. आज चालत न्हाय. सरळ सांगा, कुणाचं काम हाय?"

आजूबाजूचे ड्रायव्हर जमले. बापूंनी शेंडी बाजूला टाकली. "शाले, माझ्या हातानं त्या पेन ड्राइव्हचं टोपानबी निघत न्हाय. मी कशाला तुझ्या वाटंला जाऊ? तू तुझ्या हातानंच पडणार हायस."

सगळे हसले. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला. एक हात प्रत्येक गाडीच्या अंगावरून फिरवत, चाचपत ते रांग धरून आले होते.

"शाले, त्याला काय बोलू नगंस. त्यात मी आरती घातलीया."

"कशात?"

"त्यातच की. काल खंडेनवमीला तू जॅक, पाना आन् त्यो पेन ड्राइव्ह पाटावर पूजंला ठिवलावतास. पूजा झाल्यावर मी त्यो झेरॉक्सवाल्याकडं नेला आन् म्हनलं ह्यात गणपतीची आरती घाल. शुभकामाला आधी गणपती नगं? तुमी पोरं डायरेक्ट देवीचं गाणं लावणार."

मला दोन दिवस आधीचं सगळं आठवलं. डबा बसवायला अयाज आला होता, मोबाइलच्या दुकानाचा. तो बजावून गेला होता: "ताई, ह्यात दोनच फायली पायजेत. एक गाण्याची, एक दिव्यांची. दोघींची जोडी हाय. तिसरं काय घातलं की डबा रुसतो." मी हे आबांना सांगितलं नव्हतं. त्यांना का सांगायचं, असं मला वाटलं होतं.

बापूंनी हात जोडून आभाळाकडं बघितलं. "म्हंजे गणपतीनंच अडवलं म्हण की. ह्यो देवाचा कौल झाला."

आता मात्र सगळेच मोठ्यानं हसले. आबा खाली मान घालून उभे राहिले. पिढ्यानपिढ्या गणपतीला आधी बोलावलं, त्यानं कधी कुणाचं काम अडवलं नव्हतं, आणि आज आपल्या हातून असं व्हावं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला त्यांची दया आली आणि बापूंचा असा राग आला की कान तापले.

"गणपती कुणाला अडवत न्हाय बापू," मी म्हणाले. "अडवायला मानसं बसल्यात की नाक्यावर. नव्या शर्टात."

आबांचा हात धरून मी परत फिरले. मागं बापू कुणाला तरी म्हणाले, "तोंड लई हाय, पर हाळी द्यायला कवा उघडलं न्हाय." ते मी ऐकलं. मला ऐकू यावं म्हणूनच ते म्हणाले होते.

अयाजचं दुकान सणामुळं बंद होतं आणि तो सासरवाडीला गेलेला. पण त्यानं मला एक आखूड वायर दिली होती, पेन ड्राइव्ह मोबाइलला जोडायची. मी स्टिअरिंगवर मोबाइल टेकवला आणि पेन ड्राइव्ह उघडला. तीन फायली. आरती सापडली. पुसून टाकायच्या आधी माझं बोट थांबलं.

"आबा, आरती पुसतीया."

"पूस," आबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मनात म्हणून टाक एकदा."

मी मनात "सुखकर्ता दुःखहर्ता" म्हटलं, आरती पुसली आणि पेन ड्राइव्ह डब्यात घातला. ठिपका लाल.

पुन्हा मोबाइलला लावला. आता आत दोन फायली होत्या आणि कुणीही न घातलेलं एक रिकामं फोल्डर होतं. ते मोबाइलनंच आपल्या मनानं बनवलं होतं. ते पुसलं. डब्यात घातला, लाल. परत मोबाइलला लावून बघितलं तर फोल्डर परत हजर. मी पुसायची, मोबाइल घालायचा. आपलं घर असल्यासारखा तो प्रत्येक वेळी आत जाऊन स्वतःचं बिऱ्हाड मांडत होता. त्या दिवशी मी त्या मोबाइलला ज्या शिव्या दिल्या त्या आबांनी ऐकल्या, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रांगेच्या तिकडच्या टोकाला पहिला नारळ फुटला. गाणं सुरू झालं, बापूंची गाडी लाल-निळी-पिवळी नाचायला लागली आणि बघायला जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरी गाडी. मग तिसरी. तेच गाणं, तेच दिवे, हळूहळू माझ्याकडं सरकत येत होते.

माझ्या शेजारी इलाही शिकलगारची गाडी होती. इलाही भला माणूस. स्टँडवर माझ्याशी सरळ बोलणारा तो एकटाच. मी त्याच्या खिडकीशी गेले.

"इलाहीभाई, तुझं दिवं लागलं की तुझा पेन ड्राइव्ह मला दे. दोन मिनिटं. गाणं तेच हाय."

इलाहीनं स्टिअरिंगकडं बघितलं. "शालन, बापू सगळ्यास्नी सांगून गेल्यात. ज्याचा त्यानं."

"तू देणार का न्हाय?"

"मला नाक्यावरच पोट भरायचंय गं," तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. मी परत येऊन माझ्या सीटवर बसले.

बापू इलाहीच्या गाडीपाशी आले. मागं माणसांचा घोळका होता, सोनं लुटून आलेल्या बायका, पोरं, सगळा नाका. इलाहीनं बटण दाबलं. गाणं सुरू झालं. माझ्या हातात माझा पेन ड्राइव्ह होता, डबा रिकामा होता, आणि माझं बॉनेट झगझगलं.

मी बघतच राहिले. गाण्याचा ढोल पडला की माझ्या बंपरवर उजेड पडायचा, आवाज चढला की टपापर्यंत जायचा. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मला आठवलं. अयाज डबा बसवत होता तेव्हा आबांना शिंक आली होती आणि सगळी गाडी लखकन उजळली होती. अयाज हसून म्हणाला होता, "आत पेन ड्राइव्ह नसला की डबा कानानं चालतो. पर त्याचा कान जाड हाय, बारक्या आवाजाला इचारत न्हाय."

इलाहीचं गाणं संपलं. माझे दिवे विझले. बापूंनी त्याच्या चाकापुढं नारळ फोडला आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"लागलं की बापू माझं दिवं," मी म्हणाले. "समद्यांनी बघितलं."

"इलाहीच्या आवाजावर लागलं. दुसऱ्याच्या आवाजावर नाचायला ही काय वरात हाय? सवताचा आवाज काढ आन् लाव." शेवटचा नारळ त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "न्हायतर सांग, मी जातो घरला."

मी डब्याकडं बघितलं. रिकामा डबा, हिरवा ठिपका. तो ऐकत होता.

आता इतक्या वर्षांनी लोक मला विचारतात, की हॉर्न का नाही वाजवलास? हॉर्नवरही दिवे लागले असते. खरं आहे. पण हॉर्न मला घरी गेल्यावर सुचला. त्या घटकेला मला एकच आवाज माहीत होता, आणि तो मी वर्षभर गिळत होते.

मी गाडीतून उतरून पुढच्या बंपरवर चढले, बॉनेटला पाठ लावली आणि म्हणाले, "चला आंबेवाडी."

घोगरा, चिरका आवाज आला. बंपरच्या कोपऱ्यातला एक दिवा लुकलुकला. कुणीतरी खिदळलं. बापू हसले नाहीत. ते वाट बघत होते, आणि त्या वाट बघण्याचाच मला जास्त संताप आला.

मी छाती भरून घेतली. "चला आंबेवाडी, मारुल, घाऽटमाथा."

पायाखाली बंपर पेटला. बॉनेटवरून उजेड माझ्या पाठीमागं वर चढला आणि समोरच्या माणसांच्या तोंडावर लाल, मग निळा पडला. "घाट" जितका लांबवला तितका वेळ कॅरियरवरचे दिवे जळत राहिले. बायकांच्या घोळक्यात एक पोर ओरडलं, तर तेवढ्यानंही दिवे लागले, आणि आईनं त्याचं तोंड दाबलं.

मग गाडीच्या आतून, मागच्या सीटवरून आबा म्हणाले, "निवडं ऱ्हायलं."

मी वळून बघितलं. आबा सरळ ताठ बसले होते, तोंड माझ्या दिशेला.

"काय?"

"आंबेवाडीमागनं निवडं. निवड्याची मानसं काय चालत जाणार हायत? आन् घाट नाकातनं काढू नगंस. पोटातनं काढ."

आयुष्यात आबांनी मला पुष्कळ गोष्टी शिकवल्या, क्लच, गिअर, घाटात गाडी कशी धरायची. हे त्यांनी त्या दिवशी शिकवलं, आणि साऱ्या नाक्यासमोर शिकवलं.

"चला आंबेवाडी, निवडे, मारुल, घाऽऽटमाथा," मी म्हणाले, पोटातून. दिवे असे लागले की इलाहीनं डोळ्यांवर हात धरला. मी थांबले नाही. पुन्हा म्हणाले, पुन्हा म्हणाले. वर्षभराची सगळी हाळी साठली होती, ती एकदाच बाहेर आली. चौकातल्या पानपट्टीवाल्यानं रेडिओ बंद केला. देवळाकडून येणारी माणसं वळून बघायला लागली. मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण लाज कुठं दिसेना. तिच्या जागी नुसता आनंद होता, आणि तो मला मोठ्यानं सांगायचा होता.

"बास," बापू म्हणाले. "बास झालं. ह्यो तमाशा हाय. दिवं गाण्यावर लागल्यात का? ठरलं काय हुतं? गाण्यावर..."

"ए, सरक जरा," कुणीतरी त्यांना म्हणालं.

डोक्यावर गाठोडं, हातात आपट्याची डहाळी घेतलेली एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. बापूंना कोपरानं बाजूला करून तिनं माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं, गाठोडं आत टाकलं आणि आबांच्या शेजारी बसली.

"घाटमाथा न्हवं?" तिनं मला विचारलं. "किती वरडतीयास. पार देवळापातूर आलं. लेकीकडं सोनं द्यायला आलते, एस.टी. गेली माझी. चल, काढ गाडी."

बापू दाराशी वाकले. "आजी, आज स्टँड बंद हाय. दसरा हाय. ही गाडी जात न्हाय. उतर खाली."

"मग ही वरडतीया कशाला?"

"उतर म्हनलं ना."

मी बंपरवरून खाली उतरले. स्टँडच्या भिंतीवर लाल रंगानं एक ओळ रंगवलेली होती. आबा आणि बापू पॅसेंजरवरून एकदा हातघाईवर आले होते, त्यानंतर बापूंनी स्वतःच ती रंगवून घेतली होती, आणि तिच्यावरून त्यांनी स्टँडवरची कितीतरी भांडणं मिटवली होती. मला ती वाचायची गरज नव्हती. कुणालाच नव्हती.

"बापू," मी म्हणाले, "बसलेला पॅसेंजर उतरवायचा न्हाय. मानूस ज्या गाडीत बसला, ती गाडी नंबरात."

बापूंनी भिंतीकडं बघितलं, मग म्हातारीकडं, मग इलाहीकडं. इलाही आपल्या गाडीतून हळूच म्हणाला, "ल्हिलंय तसं, बापू."

मी सीटवर बसून गाडी सुरू केली. "नारळ फोडायचा असला तर फोडा," मी खिडकीतून म्हणाले, "न्हायतर चाकाखाली ठिवा. गाडी निघाली."

बापू क्षणभर तसेच उभे राहिले. मग खाली वाकले आणि नारळ असा आपटला की त्याचं पाणी त्यांच्या नव्या शर्टावर उडालं. ते बाजूला झाले. बाजूला होताना म्हणाले, "घाट अजून नाकातनंच येतोय तुझा." तेवढं बोलायचा त्यांना अधिकार होता, ते जुने ड्रायव्हर होते.

मी नाक्यावरून गाडी वळवली. पेन ड्राइव्ह माझ्या मुठीतच होता, तो मी आबांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. चौकाबाहेर रस्त्याच्या कडेला दोन माणसं पिशव्या घेऊन उभी दिसली. मी काच खाली केली.

"चला आंबेवाडी, निवडे, मारुल, घाऽऽटमाथा."

बॉनेट पेटलं, समोरचा रस्ता लाल-निळा झाला आणि त्या माणसांनी हात वर केला.

"आगं बये, आता तरी गप," मागून म्हातारी म्हणाली. "बसलोय की आमी."

"अजून जागा हाय, आजी," मी म्हणाले, आणि पुन्हा हाळी दिली.